आंब्याच्या खोडातून काढलेली ती अळी खोडातली नव्हतीच

जून लागला की इंदूरच्या जुन्या कॉलन्यांतून मोटरसायकलवर दोघं-दोघं फिरायला लागतात. पाठीवर फवारणीचा पंप, पिशवीत बॅटरीवरचं ड्रिल, गळ्यात कसलंसं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र. कंपाउंडवरून आंबा किंवा कडुनिंब डोकावताना दिसला की फाटक वाजतं. लोकमान्यनगराच्या बाजूला राहणाऱ्या एका काका-काकूंकडून अशाच दोघांनी आंब्याला कीड लागल्याची भीती घालून पाऊण तासात 9,600 रुपये नेले. यांचं बोलणं, हातचलाखी आणि हिशेब सगळं आधीच बसवलेलं असतं, म्हणून ते ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने दिलं आहे.

सुरुवात वाळवीने झाली. खोडावरचे मातीचे पोपडे दाखवून एक जण म्हणाला, "दीमक लग गई है काकाजी, अंदर से पूरा खोखला है. पहली आँधी में छत पर आएगा." पोपडे खरेच होते. पण त्यांच्याखालची वाळवी बहुतेक वेळा सालीचा वरचा मेलेला थर खात असते. नखाने किंवा सुरीच्या टोकाने साल जराशी खरवडून बघा. खाली हिरवट ओलसर थर दिसला तर तिथलं झाड जिवंत आहे. पोपडे गोणपाटाने पुसून काढायचे आणि बुंध्याशी साठलेला पालापाचोळा, जुनी लाकडं हलवायची. एवढ्यावर बहुतेकदा भागतं. पोकळी दाखवायला त्यांनी हातोडी मारली ती जुन्या तुटलेल्या फांदीच्या खुणेवर. तिथे आवाज भसका येणारच. लाकडी मोगरीने बुंध्याभोवती सगळीकडून ठोकून आवाजातला फरक ऐकावा लागतो. शिवाय आतून पोकळ झालेलं झाडही भोवतीचं लाकूड जाड आणि निरोगी असेल तर वर्षानुवर्षं उभं राहतं.

मग निघाली अळी. ड्रिलने एक भोक पाडलं, त्यात चिमटा घातला आणि अंगठ्याएवढी पांढरी अळी बाहेर आली. काकू तिथेच घाबरल्या. तिचा फोटो त्यांनी काढून ठेवला होता हे बरं झालं, कारण सगळी चोरी त्या फोटोत दिसते. अळी इंग्रजी 'सी'सारखी वळलेली होती, पुढच्या भागाला सहा पाय होते, मागचा भाग फुगीर आणि करडा होता. ही हुमणीच्या जातीची अळी. ती शेणखतात, कुजलेल्या पाल्यात किंवा मातीत सापडते, जिवंत आंब्याच्या लाकडात नाही. खोड पोखरणारं भिरूड वेगळं दिसतं: सरळ, पिवळसर पांढरं, अंगावर ठळक वळ्या, डोक्याकडे रुंद, जबडा काळपट आणि पाय जवळजवळ नाहीतच. म्हणजे वळलेली आणि सहा पायांची असेल तर ती चिमट्याबरोबर बाहेरूनच आली. (1924 साली याच शहरात सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. त्या इंदुरात खताच्या ढिगातली अळी दाखवून लोकांना घाबरवता येतं, याला काय म्हणावं!)

भाव सांगितला होता "डेढ़ सौ की एक सुई", म्हणजे एका भोकात दवा टोचायचे दीडशे. सुया किती, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. काकांना वाटलं पाच-सहा. बुंध्याभोवती चार रांगांत चौसष्ट भोकं पाडून झाल्यावर हिशेब पुढे आला. काका घासाघीस करू लागले तेव्हा उत्तर तयार होतं: दवा आत गेली आहे, आता काम अर्धवट सोडलं तर झाड वाळेल. ही निव्वळ धमकी. भाव नगावर, मिलीलिटरवर किंवा झाकणावर सांगितला जात असेल तर एकूण रक्कम कागदावर लिहून घेतल्याशिवाय ड्रिल झाडाला लागू देऊ नका.

दवा म्हणजे बिनलेबलच्या बाटलीतलं काहीतरी, पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होणारं. त्या पांढऱ्या रंगावर लोक विश्वास ठेवतात. फिनाइलही पाण्यात पांढरंच होतं. खऱ्या कीटकनाशकाच्या बाटलीवर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. व्यवसाय म्हणून कीड मारणाऱ्याला परवाना लागतो. तो मागा, बाटलीचा फोटो काढा. एवढ्यानेच अर्धे जण मोटरसायकलला किक मारतात. कोणी "फल पकड़ने का इंजेक्शन" म्हणून खोडात काही घालायला आला तर हेही माहीत असू द्या की आंब्याला बहर यावा म्हणून बागायतदार जे पॅक्लोब्युट्राझोल वापरतात ते बुंध्याभोवतीच्या मातीत देतात.

जाताना त्यांनी दोन मोठ्या फांद्या "वजन कम करने" फुकटात कापून देण्याची तयारी दाखवली. लाकूड अर्थातच तेच नेणार होते. काकांनी नको म्हटलं, ते फार बरं झालं. मध्य प्रदेशात शहरातल्या झाडांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायचं तरी नगर निगमाची परवानगी लागते, आणि नोटीस आली तर ती घरमालकाच्या नावाने येते. लाकूड घेऊन गेलेला माणूस तोवर देवासच्या पुढे असतो.

झाड खरंच पडायला आलं असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या. एका बाजूची माती उचललेली, बुंध्याशी नवी भेग, मुळांजवळ कडक अळंबी, किंवा इतकी वर्षं सरळ असलेलं खोड अलीकडेच कलू लागलेलं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच. नुसती भेग बघून घाबरू नका. ती पावसानंतर मिटते का आणि फक्त कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगालाच आहे का, ते बघा.

भिरूड लागलं असेल तर भोकातून ओलसर भुसा बाहेर येत राहतो आणि खाली साठतो, डिंकासारखा रस ओघळतो, वरची एखादी फांदी एकटीच वाळत जाते. ड्रिलचा भुसा मात्र कोरडा, एकसारखा आणि आत्ता पडलेला असतो. उपाय घरी करता येतो. भोक साफ करून सायकलचा स्पोक आत सरकवा, अळी ओढून काढा किंवा आतच टोचून मारा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस ठासून तोंड चिखलाने बंद करा. जवळ विडी-काडी नको. आठवड्याने चिखल फुटून नवा भुसा दिसला तर पुन्हा तेच.

आता त्या चौसष्ट भोकांचं काय? माणसाची जखम भरून येते तसं लाकूड भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालतं आणि वरून नवी साल आणतं. म्हणून सिमेंट किंवा एम-सील भरू नका. आत पाणी अडतं आणि कूज लागते. कडेची फाटलेली साल धारदार सुरीने साफ करून बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत, मग दोन्ही एकत्र. लोखंडी सुरी बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

आत काय गेलं ते कळायला मार्ग नाही, म्हणून पुढच्या मोसमातली फळं त्या झाडाची खाऊ नयेत, कैऱ्याही लोणच्याला घेऊ नयेत. आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर आणि अळीचा फोटो घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. पुढच्या गल्लीत ते अजून फाटकं वाजवत असण्याची शक्यता बरीच असते.