मालवाहू व्हॅनची चाकं बदलताना: नवी लोखंडी डिस्क, जुनी डिस्क की अलॉय?

व्हॅनच्या चाकांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, "पीसीडी किती?" पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. मी त्याआधी विचारतो, माल किती भरता? भोकं जुळली की डिस्क, म्हणजे टायर चढवायचं धातूचं चाक, हबवर (ॲक्सलच्या टोकाला जिथे चाक आवळतात तिथे) बसते. पण भरल्या गाडीखाली ती टिकेल की नाही, हे भोकं सांगत नाहीत.

हिशेब सोपा आहे. गाडीवर कंपनीने लावलेल्या माहितीच्या प्लेटवर (नंबर प्लेटवर नव्हे) प्रत्येक ॲक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. समजा मागच्या ॲक्सलला २,१०० किलो आहेत, तर मागच्या प्रत्येक चाकाने निदान १,०५० किलो पेलले पाहिजेत. डिस्कची क्षमता बहुतेक वेळा तिच्यावरच उमटवलेली असते, अनेकदा आतल्या बाजूला. आकडा दिसत नसेल तर विकणाऱ्याकडे कागद मागा, आणि कागदही नसेल तर ती डिस्क घेऊ नका. टायरलाही हाच नियम. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे भारक्षमतेचा सांकेतिक आकडा, १०९ म्हणजे १,०३० किलो, ११२ म्हणजे १,१२०, १२१ म्हणजे १,४५०. वरच्या उदाहरणात १०९ चा टायर फक्त वीस किलोंनी कमी पडतो, तरी तो चालणार नाही. "१२१/१२०" असे दोन आकडे असले तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी.

आता पर्याय बघू.

रोज पूर्ण भार वाहणाऱ्या गाडीला मी डोळे मिटून कंपनीच्याच पार्ट नंबरची नवी लोखंडी डिस्क सांगेन. भोकं, मधलं छिद्र, ऑफसेट (हबला टेकणारी बाजू चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे), बोल्टची बैठक (बोल्ट डिस्कवर टेकतो ती जागा), क्षमता, सगळं जुळलेलंच येतं. खड्ड्यात जोरात आपटली तर ती बहुधा वाकते, तडकत नाही. चाक हलायला लागतं आणि ड्रायव्हरला वेळेत कळतं. वजन जास्त आणि गंज लवकर, हे तिचे दोष. दोन्ही सोसण्यासारखे आहेत.

जुनी डिस्क स्वस्तात मिळते, पण "त्याच गाडीची आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीचं नाव तेच राहतं आणि हब बदलतो. फियाट डुकाटोच्या हलक्या प्रकाराला १५ इंची चाकं आणि ५×११८ (पाच भोकं, पीसीडी ११८ मिलिमीटर), तर जड प्रकाराला १६ इंची आणि ५×१३०. फोक्सवॅगन क्राफ्टरची पहिली पिढी ६×१३० ची, दुसरी ५×१२० ची. फोर्ड ट्रान्झिट ५×१६० वर, म्हणजे ती आणखी वेगळीच. पाच भोकांची डिस्क टेपने मोजायला गेलात तर फसाल. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १.७ ने गुणलं की पीसीडी मिळतो. त्या हिशेबाने ११८ आणि १२० मधला फरक टेपवर जेमतेम सव्वा मिलिमीटर दिसतो. ओढूनताणून बोल्ट आत जातातही, पण तिरके ताणलेले राहतात. म्हणून मोजमापाआधी डिस्कवरचा पार्ट नंबर वाचा. मग डिस्क फिरवून कड बघा आणि बोल्टची भोकं लांबट झालेली नाहीत ना ते तपासा. भोकं लांबट असतील तर ती डिस्क कधीतरी सैल नटांवर धावली आहे. ती परत करा.

अलॉयमध्ये खरा अभ्यास लागतो. गाडी बहुतेक वेळा हलका, जागा खाणारा माल नेत असेल तर अलॉयला माझी हरकत नाही. फक्त ते व्हॅनच्या भाराचं असावं. जपानी मानकाच्या खुणांमध्ये जेडब्ल्यूएल ही प्रवासी कारची आणि जेडब्ल्यूएल-टी ही ट्रक-बसची. हा एक 'टी' शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही. ऑफसेट, म्हणजे ईटी, कमी झाला की चाक बाहेर सरकतं. ६.५ इंच रुंद, ईटी ६२ च्या जागी ७.५ इंच, ईटी ५० लावलं तर बाहेरची कड जवळजवळ २५ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली जागच्या जागी राहते. मडगार्डला टायर घासतो तो भरल्या गाडीत, गॅरेजमध्ये रिकामी उभी असताना नव्हे. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

मधलं छिद्र हबपेक्षा मोठं असेल तर रिंग घालून जमवता येतं, लहान असेल तर विषय संपला. बोल्टची बैठक गोल की शंकूच्या आकाराची, हे बहुतेक जण बघतच नाहीत. गोल बैठकीत शंकूचा बोल्ट बारीक कडेवर टेकतो आणि कितीही आवळला तरी पुढे सैल होतो. चाक निखळण्याची भीती इथे खरी आहे.

मोठं रिम घेताना टायरची एकूण उंची सांभाळा. २३५/६५ आर १६ चा व्यास ७१२ मिलिमीटर, २३५/६० आर १७ चा ७१४. हा बदल निर्धोक. पण २२५/७५ आर १६ चा व्यास ७४४ आहे, म्हणजे पहिल्याच्या जागी तो लावला तर स्पीडोमीटर सुमारे सव्वाचार टक्के कमी वेग दाखवेल. आणि व्हॉल्व्ह! कारचा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. मागच्या चाकांत त्याहून जास्त हवा लागत असेल तर धातूचा किंवा जास्त दाबाचा व्हॉल्व्हच बसवा.

कारची अलॉय मात्र कुणी फुकट दिली तरी नको. मर्सिडीज व्हिटोचा ५×११२ आणि मधलं ६६.६ मिलिमीटरचं छिद्र त्याच कंपनीच्या कितीतरी कारशी जुळतं, डिस्क अलगद बसते आणि इथेच घात होतो. अशा डिस्कची क्षमता बहुधा ६०० ते ७५० किलोंच्या घरात असते, आणि भरलेल्या व्हिटोच्या मागच्या चाकावर त्याहून जास्त भार येऊ शकतो. पीसीडी बदलणारे अडॅप्टरही मालवाहू गाडीला नकोत.

अलॉय घेतलंच तर स्टेपनीचे जुने बोल्ट गाडीतच ठेवा. अलॉयचे लांब बोल्ट लोखंडी डिस्कमधून जास्त आत जातात आणि ब्रेकच्या भागांना भिडू शकतात. नट-बोल्ट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळा. लोखंडी आणि अलॉयचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या डिस्कसमोरचाच वाचा. ५० किलोमीटर चालवल्यावर गाडी थांबवून सगळे पुन्हा तपासा.