लेसवर ‘शूलेसेस’ लिहिलेला बूट: ऑफ-व्हाइट एअर जॉर्डन 1 ‘शिकागो’

लेसवर ठळक अक्षरांत ‘शूलेसेस’. मिडसोलवर (तळाच्या मधल्या थरावर) ‘एअर’. दुसऱ्या पायाकडे येणाऱ्या आतल्या बाजूवर थेट चामड्यावर छापलेला मजकूर: कुणी कुणासाठी बनवला, मॉडेल कोणतं, नायकीचं गाव बीव्हर्टन, ओरेगन, आणि 1985 हे साल. नायकीचा काळा स्वूश (बाजूवरची वळणदार खूण) अर्धवट उचललेला, निळ्या दोऱ्याच्या टाक्यांनी जेमतेम धरलेला, त्याच्या कडेला नारिंगी कापडाची बारीकशी पट्टी. जिभेचा फोम उघडा. आणि वर लाल प्लास्टिकचा झिप टाय लटकतोय. माहिती नसलेला माणूस म्हणेल, कारखान्यातलं सॅम्पल चुकून बाहेर आलंय. नायकी आणि ऑफ-व्हाइट या फॅशन ब्रँडने मिळून काढलेली हीच जोडी 2017 मध्ये 190 डॉलरला निघाली. आज कोरी जोडी हवी तर कित्येक हजार डॉलर मोजावे लागतात.

बूट म्हणून सांगायचं तर हा साधा जॉर्डन 1 आहे. रबराचा कपसोल (वाटीसारखा कडेने वर आलेला तळ), टाचेखाली लहानशी एअर पिशवी, बाकी सपाट. आजच्या कुठल्याही रनिंग शूशी तुलना केली तर तळ कडक लागतो, चार तास उभं राहिलं की टाच बोलायला लागते. माप नेहमीचंच घ्यायचं. पाय पुढून रुंद असेल तर अर्धं वर. आपल्याकडे गोंधळ होतो तो अमेरिकन आणि ब्रिटिश मापांचा: पुरुषांचं अमेरिकन 9 म्हणजे ब्रिटिश 8, युरोपियन 42.5, पायाची लांबी 27 सेंटीमीटर. सेंटीमीटर बघून घ्या, बाकी आकडे विसरलात तरी चालेल.

मग पैसे कशाचे? ‘कमी जोड्या निघाल्या म्हणून’ हे उत्तर अपुरं आहे. कमी जोड्या काढून विसरल्या गेलेल्या कोलॅब्जनी (दोन नावांनी मिळून काढलेल्या बुटांनी) रीसेलची दुकानं भरलेली आहेत. इथे तीन गोष्टी एकावर एक बसल्या.

पहिली म्हणजे खालचा बूट. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनसाठी पीटर मूर यांनी डिझाइन केलेला जॉर्डन 1 1985 मध्ये 65 डॉलरला आला. अमेरिकेची बास्केटबॉल लीग एनबीएने लाल-काळ्या नायकी बुटांवर पत्र पाठवून आक्षेप घेतला आणि नायकीने त्या आक्षेपाचीच जाहिरात केली. पत्रातला मूळ बूट बहुधा एअर शिप नावाचा होता, जॉर्डन 1 नव्हेच. पण दंतकथेला पुराव्याची फारशी गरज नसते. लाल-पांढरा-काळा ‘शिकागो’ रंग म्हणजे त्या कथेचा पोशाख.

दुसरी गोष्ट हात कुणाचा. ऑफ-व्हाइटचे संस्थापक व्हर्जिल अ‍ॅब्लो 1980 मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला जन्मले. जॉर्डनच्या संघाच्या, शिकागो बुल्सच्याच राज्यात, त्याच्याच काळात वाढलेला मुलगा. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, नंतर शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून आर्किटेक्चर. ते आपल्या पद्धतीला ‘तीन टक्के’ म्हणत: ओळखीची वस्तू तीन टक्केच बदलायची, म्हणजे ती जुनीही राहते आणि नवीही होते. ‘द टेन’ या मालिकेत त्यांनी नायकी आणि कन्व्हर्सचे मिळून दहा बूट घेतले आणि कटर-मार्कर घेऊन उसवले. पाच बुटांत आतलं बाहेर काढलं: जॉर्डन 1, एअर मॅक्स 90, प्रेस्टो, व्हेपरमॅक्स, ब्लेझर. उरलेल्या पाचांत अर्धपारदर्शक साहित्याचा खेळ केला. इंजिनिअरने मशीनचं झाकण काढून ठेवावं, तसं हे काम. बूट कसा बनतो ते बूटच सांगतो. म्हणून संग्रहालयाच्या काचेआडही तो परका वाटत नाही. 2019 मध्ये शिकागोच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टने अ‍ॅब्लोंचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्या जोडीने नायकीचा निळा एअर फोर्स 1 बूट सुद्धा काढला गेला.

तिसरी गोष्ट वेळ. 2017 च्या शरदात मालिका बाजारात आली. मार्च 2018 मध्ये अ‍ॅब्लो लुई व्हितॉंच्या पुरुष विभागाचे प्रमुख झाले. रस्त्यावरचा बूट बनवणारा माणूस पॅरिसच्या फॅशन घराण्यात बसला आणि ‘शिकागो’ त्या प्रवासाची खूण ठरला. 28 नोव्हेंबर 2021 ला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लिलावगृह सोदबीजने त्यांच्या लुई व्हितॉं-एअर फोर्स 1 च्या 200 जोड्या लिलावात काढल्या. मिळून सुमारे 2.5 कोटी डॉलर आले, एका जोडीला 3,52,800 डॉलर. रक्कम त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्ती निधीला गेली.

हात तोच आणि साचा तोच ठेवून फक्त रंग बदलला तर काय होतं, हे 2018 मध्येच दिसलं. पांढरा जॉर्डन 1 युरोपातच निघाला, फिका निळा त्यानंतर आला. दोन्ही महाग, दोन्ही देखणे. पण भाव ‘शिकागो’च्या खाली, कारण 1985 चा धागा त्यांच्यात तितका घट्ट नाही. आमच्या मते पांढरा दिसायला सरस आहे, पण बाजाराला आमचं मत विचारलं जात नाही.

कोलॅबला बातमी बनवणारी रांग मात्र जुनी. 22 फेब्रुवारी 2005 ला न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर डिझायनर जेफ स्टेपलच्या दुकानासमोर नायकीच्या ‘पिजन’ डंक बुटासाठी गर्दी जमली, पोलीस आले, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क पोस्टच्या पहिल्या पानावर बूट होता. टाचेवर कबुतर, रंग शहरातल्या कबुतराचेच. गाव ओळखीचं, खूण ओळखीची, जोड्या अवघ्या दीडशे. व्यक्तीच्या नावावर उभा राहिलेला भाव त्याच नावाने डळमळतोही: ऑक्टोबर 2022 मध्ये अ‍ॅडिडासने रॅपर यीशी (कान्ये वेस्टशी) त्याच्या ज्यूविरोधी वक्तव्यांनंतर करार तोडला आणि त्याचे यीझी बूट घालणं हे रातोरात मत मांडणं झालं.

आता घ्यायचाच असेल तर. स्टाइल कोड एए3834-101. खोक्यावरचं लेबल आणि बुटाच्या आतलं लेबल दोन्हीकडे तोच कोड, तेच माप हवं. पण कोड जुळला म्हणजे जोडी खरी, असं नाही. नकली बनवणाऱ्यालाही कोड वाचता येतो. स्वूशकडे बघा: खऱ्यात तो मुद्दाम सैल असतो, नकलीत बहुधा पूर्ण चिकटवलेला किंवा भलताच फेंदारलेला. छापील अक्षरांच्या कडा भिंगाखाली तपासा, शाई पसरलेली नको. टो बॉक्सवरची (बोटांवरच्या भागाची) भोकं आरपार आणि एका ओळीत हवीत. डाव्या-उजव्या बुटाची उंची आणि टाचेचा बाक मागून शेजारी ठेवून पाहा, कारण घाईत बनलेली जोडी इथे उघडी पडते. विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडातले फोटो मागा: दोन्ही बाजू, तळ, आतलं लेबल, इनसोल काढून खालची शिवण. ‘व्हेरिफाइड’ टॅगवर डोळे मिटून विसंबू नका. नायकीने 2022 मध्ये स्टॉकएक्स या रीसेल साइटविरुद्धच्या दाव्यात तिथे नकली जोड्या मिळाल्याचा आरोप केला होता.

झिप टाय कापायचा की नाही, हा वाद संपणार नाही. विकायचा विचार असेल तर हात लावू नका. कापलेला टाय म्हणजे सरळ किंमत कमी. घालायचा असेल तर लेसच्या भोकातून सैल ओवून ठेवा, नाहीतर चालताना तो चामड्यावर घासून व्रण उठवतो.

जपणुकीत या बुटाचा कच्चा दुवा म्हणजे जिभेचा उघडा फोम. आधी पिवळा पडतो, मग चुरा सुटतो. उन्हात वाळवू नका, ओल्या ब्रशने घासू नका. मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. जॉर्डन 3, 4, 5 यांचा पॉलियुरेथेन मिडसोल हवेतल्या ओलाव्याने आतून विघटित होतो आणि दहा-पंधरा वर्षांनी पहिल्याच पावलाला फुटतो. जॉर्डन 1 च्या रबरी कपसोलला तो शाप नाही, त्यामुळे मुंबई-कोकणच्या दमट हवेत धोका तळाला कमी, बुरशीचा आणि सुटणाऱ्या गोंदाचा जास्त. पावसाळ्याआधी खोक्यात 10 ग्रॅमच्या ओलावा शोषणाऱ्या दोन सिलिका पिशव्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की सुकवून परत वापरा. जास्त कोंबू नका, अति कोरड्या हवेत चामडं तडकतं. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास बरी. आत कोंबायला छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पांढरा आम्लमुक्त कागद घ्या. हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळायचंच असेल तर आधी जोडी दोन दिवस पंख्याखाली ठेवा, नाहीतर ओलावा आतच कोंडतो.

रंग आवडतो आणि रोज घालायचाय, तर नोव्हेंबर 2022 मध्ये 180 डॉलरला आलेला त्याच रंगाचा जॉर्डन 1 ‘लॉस्ट अँड फाउंड’ शोधा. कॉलरचं चामडं मुद्दाम तडकवलेलं, खोका जुन्या दुकानातून निघाल्यासारखा, आणि जोड्या भरपूर निघाल्यामुळे भाव माणसात राहिलाय. त्यावर पाऊस पडला तरी जीव खालीवर होत नाही.