धंतोलीतील रक्तदाब सल्ला केंद्राबद्दल अभिप्राय

तीन गोळ्या चालू असूनही बाबांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १६० च्या खाली येत नव्हता, म्हणून आम्ही नागपूरच्या धंतोलीतील या केंद्रात गेलो. येथील डॉक्टर लगेच चौथी गोळी लिहीत नाहीत, ही सर्वांत मोठी जमेची बाजू. आधी रुग्णाला पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवतात, पट्टा बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडावर गुंडाळतात आणि दोन्ही हातांचा रक्तदाब मोजतात. एवढी साधी शिस्तही अनेक दवाखान्यांत पाळली जात नाही.

त्यानंतर रक्तदाबात मूत्रपिंडाचा वाटा काय, हे ते समजावून सांगतात. तेथे रक्ताचा दाब कमी पडला किंवा अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) मज्जातंतूंनी इशारा दिला, की मूत्रपिंडातील पेशी रेनिन हे विकर (एन्झाइम) सोडतात. रेनिन यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते, त्यावर मुख्यतः फुप्फुसांतील एसीई हे दुसरे विकर काम करते आणि त्यातून रक्तवाहिन्या आवळणारे व शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावणारे अँजिओटेन्सिन-२ तयार होते. रेनिनचा शोध १८९८ मधला, सशाच्या मूत्रपिंडातून लागलेला, हेही त्यांनी ओघात सांगितले. रॅमिप्रिल ही गोळी एसीईला अडवते, तर टेल्मिसार्टन ही गोळी अँजिओटेन्सिन-२ ला रक्तवाहिन्यांवर बसू देत नाही. त्यामुळे रॅमिप्रिलने होणारा कोरडा खोकला टेल्मिसार्टनने सहसा होत नाही, हे कळल्यावर गोळी का बदलली ते बाबांना पटले.

गोळी बदलल्यावर काही आठवड्यांनी रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळते) आणि पोटॅशियम तपासायला सांगितले. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून ते विचारल्याशिवाय घेऊ नये, असेही बजावले. नागपूरच्या मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर शरीर कोरडे पडून याच गोळ्या मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतात. अशा वेळी आधी फोन करावा, ही सूचना मला विशेष मोलाची वाटली.

धमनीतून सूक्ष्म नळी नेऊन मूत्रपिंडाचे मज्जातंतू निष्क्रिय करण्याच्या उपचाराविषयी आम्ही मुद्दाम विचारले. २०१४ च्या मोठ्या चाचणीत लटक्या (म्हणजे केल्याचा केवळ देखावा केलेल्या) उपचाराच्या तुलनेत त्याचा ठळक फायदा दिसला नव्हता. पुढे नव्या चाचण्यांनंतर अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा उपकरणांना मान्यता मिळाली. तरीही रक्तदाबातील घट सरासरीने माफक असते आणि गोळ्या बहुधा सुटत नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. खर्चिक उपचार गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला नाही, हे आवर्जून नोंदवतो.

उणिवा दोन. वेळ ठरवून गेले तरी बराच वेळ ताटकळावे लागते आणि बसायला खुर्च्या अपुऱ्या आहेत. दुसरे म्हणजे हाती दिलेले आहारपत्रक अगदीच पुस्तकी आहे. त्यात पापड, लोणचे, फरसाण, सावजी रस्सा यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. सल्ल्यासाठी पाचपैकी साडेचार तारे, आहारपत्रकासाठी दोन.