रिकव्हरीचा डबा की क्रीमी ट्रीट? न खाणाऱ्या आजारी मांजरासाठी पुण्यात मिळणाऱ्या वस्तूंची परीक्षा

चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. तीन किलोच्याला १६०, पाच किलोच्याला २३५च्या आसपास. आजारी मांजरासाठी दुकानातून काहीही उचलण्याआधी हा आकडा डोक्यात ठेवला की निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात. पाकिटावरचं मांजर कितीही तुकतुकीत असो, आतल्या मालात कॅलरी किती आणि त्या याच्या पोटात जाणार कशा, एवढंच बघायचं.

या कसोटीवर पहिला नंबर रॉयल कॅनिनच्या ‘रिकव्हरी’चा. आजारी जनावरांसाठीच्या ओल्या खाण्याचा हा १९५ ग्रॅमचा डबा, कुत्र्याला आणि मांजराला एकच. हिल्सचा ‘ए/डी’ त्याच जातीचा, १५६ ग्रॅमचा. दोन्हींत ग्रॅममागे एक कॅलरी किंवा थोडी जास्त, प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्ट पदार्थ कमी. म्हणजे एक मोठा डबा हा चार किलोच्या मांजराचा जवळपास पूर्ण दिवसाचा खुराक झाला. साध्या ओल्या पाऊचमध्ये पाणीच इतकं असतं की तेवढ्याच कॅलरीसाठी तीन-चार पाऊच लागतात, आणि ते तुकडे सिरिंजमधून जातही नाहीत. रिकव्हरी डब्यातून काढल्यावर घट्ट दिसतं, पण चमच्याने दोन मिनिटं घोटलं की श्रीखंडासारखं गुळगुळीत होतं. डबा पाऊचच्या मानाने चांगलाच महाग आहे, तरी पैसे वसूल होतात ते इथे.

तक्रारी दोन. एक, डबा उघडला की उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि दोन दिवसांत संपवावं लागतं. पहिल्या दिवशी मांजराला त्यातलं एक तृतीयांशच द्यायचं असतं, त्यामुळे थोडं वाया जाणार हे धरून चाला. उघडल्या उघडल्या स्वच्छ चमच्याने त्या दिवसापुरतं वेगळं काढा, उष्टा चमचा डब्यात घालू नका. गुरुवारी महावितरणचं काम निघून दिवसभर वीज गेली, तर फ्रिजमधल्या उघड्या डब्याचा मोह सोडून द्यावा. दुसरी तक्रार मिळण्याची. कोपऱ्यावरच्या पेट शॉपमध्ये कोरड्या खाण्याची पोती रचलेली असतात, हा डबा मात्र नसतो. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरही ट्रीट सापडते, हा सापडेलच असं नाही. ज्या पशुवैद्यांच्या दवाखान्यात स्वतःचं औषधांचं काउंटर आहे तिथे आधी फोन करा, मग औंध-बाणेर, कोथरूड किंवा कॅम्पातली मोठी दुकानं. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा घेऊ नका, सवलत कितीही असली तरी.

डबा आणायला निघण्याआधी घड्याळ बघा. मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू असेल तर तेवढीही वाट बघायची नाही. अंगाने भरलेलं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलवत नाही आणि यकृतच चरबीने भरून जातं. मग कानाची आतली बाजू, हिरड्या पिवळ्या दिसायला लागतात. ‘जाडं आहे, दोन दिवस उपास घडला तर बरंच’ हा हिशेब मांजराच्या बाबतीत नेमका उलटा आहे. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून लघवीचा थेंबही करत नसेल, तर खाण्याचा विषयच बाजूला ठेवा. ती मूत्रमार्ग तुंबल्याची खूण असते आणि हातात तास असतात, दिवस नाहीत.

क्रीमी ट्रीटच्या नळ्यांबद्दल. चुरू, मी-ओ, शेबा मेल्टी, सगळ्यांची कल्पना एकच: १२ ते १५ ग्रॅमची नळी, टोक फाडायचं आणि मांजराला चाटवायची. चव मांजरांना वेड लावते यात शंका नाही. पण चुरूच्या १४ ग्रॅमच्या नळीत जेमतेम ६ कॅलरी असतात, बाकी जवळपास सगळं पाणी. दोनशे कॅलरी भरायला तेहेतीस नळ्या लागतील. ‘दिवसभरात तीन ट्रीट खाल्ल्या, म्हणजे खातोय’ असं डॉक्टरांना फोनवर सांगणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा. तरी एक पाकीट घरात असावं. एक तर परीक्षेसाठी: नळी चाटतंय पण ताटलीकडे जात नाही, की नळीलाही तोंड लावत नाही, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं. दुसरं, रिकव्हरीच्या पहिल्या चमच्यावर पाव नळी पिळली तर बरीच मांजरं वास घेऊन वळतात ती थांबतात. खाणं म्हणून घेत असाल तर पैसे पाण्यात, आमिष म्हणून घेत असाल तर उत्तम.

पौष्टिक जेलच्या ट्यूबा काउंटरवर हमखास पुढे केल्या जातात. त्यांत कॅलरी खरोखर असतात, पण त्या बहुतांशी तेल आणि साखरेच्या. उपाशी मांजराच्या यकृताला हवी असतात प्रथिनं. शिवाय जेल इतकं चिकट की ओठांना, हनुवटीच्या केसांना लागतं आणि मांजर अर्धा तास चाटत वैतागतं. नाही घेतलं तरी चालेल.

घरचा पर्याय स्वस्त आहे आणि चार दिवस निभावून नेतो. छत्रपती शिवाजी मार्केटातून किंवा जवळच्या दुकानातून बिनहाडाचं चिकन ब्रेस्ट आणा आणि नुसत्या पाण्यात शिजवा. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही; त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो फोडणीतला असो की सूपच्या पावडरीतला. शिजलेल्या १२० ग्रॅम चिकनमध्ये साधारण २०० कॅलरी मिळतात. मिक्सरमध्ये त्याच पाण्याबरोबर अगदी बारीक करा आणि चहाच्या गाळणीतून काढा; गाळलं नाही तर एखादा धागा सिरिंजच्या तोंडात अडकणारच. मात्र नुसतं वरचं पाणी पाजून समाधान मानू नका, त्यात वास असतो, कॅलरी जवळजवळ नसतात. गणेश पेठेतून आणलेला बांगडा उकडून त्याचं चमचाभर पाणी वासापुरतं वापरायला हरकत नाही. सुकट, सुके बोंबील नकोत, त्यांत मीठ फार. दूध-पोळी आणि दहीभात आपल्या समाधानासाठी असतात.

खाणं कोणतंही असो, ते कोमट हवं, मांजराच्या अंगाइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास. फ्रिजमधल्या खाण्याला वासच नसतो, आणि मांजर आधी नाकाने खातं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल असे गरम गोळे राहतात. त्यापेक्षा वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं धरा, ढवळा, मनगटावर थेंब टाकून बघा. खोल वाटीऐवजी बशी किंवा ताटली. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून ठेवा. मळमळणाऱ्या मांजराच्या नाकासमोर दिवसभर ताटली ठेवली की ते त्या खाण्यालाच आजाराशी जोडतं आणि बरं झाल्यावरही त्याकडे ढुंकून बघत नाही.

आता सिरिंज, या यादीतली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त चुकीची वापरली जाणारी वस्तू. ५ मिलिची साधी सिरिंज घ्या, सुई तिथेच काढून टाकायला सांगा. १ मिलिची हवी असेल तर इन्सुलिनची घेऊ नका, बऱ्याचदा तिची सुई निघतच नाही. सदाशिव पेठेतल्या सर्जिकल दुकानांत लांब निमुळत्या तोंडाची ५० मिलिची फीडिंग सिरिंज मिळते. ती डॉक्टरांनी नाकातून किंवा मानेतून बसवलेल्या नळीतून भरवायला, थेट तोंडात नाही. साध्या सिरिंजचं रबर दोन-चार वेळा धुतल्यावर कोरडं पडून अडकायला लागतं. मग जोर लावला की दट्ट्या एकदम सुटतो आणि ४ मिलि खाणं घशावर आदळतं. ते श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. म्हणून रोज सकाळी नवी सिरिंज, ही कंजूषी करायची जागा नाही.

मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, पाठ आपल्याकडे. डोकं सरळ ठेवा, वर उचलू नका. सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागे, गालाच्या पोकळीत बाजूने घाला आणि अर्धा ते एक मिलि सोडा. गिळलेलं दिसलं की पुढचं. पहिल्या दिवशी गरजेच्या एक तृतीयांशच: चार किलोच्या मांजराला साधारण ६० मिलि, सहा वेळांत विभागून, म्हणजे दर वेळी १०. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण. तेव्हा पाच वेळा ४० मिलि बसतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर भरवलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली येतं, आणि भरवल्यामुळेच मांजर कोसळतं. खोकला, घशात गुडगुड, उलटी यांतलं काहीही झालं की लगेच थांबा. सिरिंज नुसती दिसल्यावर लाळ गळायला लागली, तर त्या दिवसापुरता तो मार्ग बंद. जबरदस्ती जितकी, तिटकारा तितका.

याच कारणाने मांजरांचे जाणकार डॉक्टर सिरिंजपेक्षा नळीला पसंती देतात. नाकातून जाणारी बारीक नळी भूल न देता बसते, पण काही दिवसांपुरती, आणि तिच्यातून फक्त पातळ द्रव जातो. रिकव्हरी तिथे तुंबतं. मानेतून अन्ननलिकेत बसवायची जाड नळी थोड्या वेळाच्या भुलीखाली घालतात आणि ती कित्येक आठवडे राहू शकते. तिच्यासाठी १९५ ग्रॅमच्या डब्यात साधारण ६० मिलि कोमट पाणी घालून गाळा. पाण्यामुळे मिलिमागे कॅलरी घटतात, तेव्हा मात्रा त्या हिशेबाने वाढवा. भरवण्याआधी आणि नंतर ५ ते १० मिलि पाणी सोडायला विसरलात, तर संध्याकाळपर्यंत नळी चोंदलीच समजा. ऐकायला भयंकर वाटतं, पण या नळीसकट मांजर झोपतं, फिरतं, मनात आलं तर तोंडानेही खातं. ओढाताणीचा आठवडा काढण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं.

कोणताही डबा मळमळीवर उपाय नाही. ताटलीपाशी येऊन ओठ चाटणं, लाळ, वास घेऊन मागे सरकणं ही मळमळ. मूत्रपिंडाच्या आजारात ती हमखास. आधी डॉक्टरांकडून उलटीचं औषध, मग खाणं. खायला तोंड लावून एकदम ओरडत मागे होत असेल तर तोंडात फोड किंवा हिरड्यांची सूज असते. तिथे दुखणं थांबवणं आधी. नाक चोंदलेलं असेल तर नेब्युलायझरमध्ये नुसतं नॉर्मल सलाईन, दहा मिनिटं. कापूर, निलगिरी, बाम यांतलं काही नको, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही.

भुकेच्या औषधांत मिर्टाझापिनचा खरा उपयोग होतो. अमेरिकेत २०१८ साली त्याचं कानाला लावायचं मलम मांजरांसाठी मंजूर झालं. माणसांच्या १५ मिग्रॅच्या गोळीचा जेमतेम आठवा हिस्सा मांजराला पुरतो, आणि मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेलं असेल तर तोही एक दिवसाआड. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. जास्त झाली की मांजर रात्रभर ओरडत फिरतं, थरथरतं. लहान मुलांची भूक वाढवायचं सायप्रोहेप्टाडिनचं सिरप घरात असलं तरी ते याच्या जोडीला देऊ नका, एक दुसऱ्याचा परिणाम खोडून काढतं. पॅरासिटामॉल कधीच नाही, एक गोळी जीव घ्यायला पुरते. इन्सुलिन चालू असलेल्या मांजराने खाल्लं नाही, तर नेहमीची सुई टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

मूत्रपिंड बिघडलेल्या मांजराला रिकव्हरी चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस जास्त, म्हणून कायमचं खाणं ते नव्हे. पण काहीच न खाण्यापेक्षा चार दिवस रिकव्हरी खाणं बरं, आणि किडनीचं खास खाणं मळमळ थांबल्यावर सुरू करावं. आजारात पुढे केलं तर मांजर त्याचा कायमचा राग धरतं.

रोज एकाच वेळी वजन करा. वजनकाट्यावर आधी मांजराला घेऊन, मग एकट्याने उभं राहून वजाबाकी करता येते, पण त्यात शंभर-दोनशे ग्रॅमची घट निसटते. पिशवीत बसवून सामान तोलायच्या डिजिटल काट्याला लटकवणं जास्त नेमकं. मांजर सलग दोन-तीन दिवस गरजेच्या तीन चतुर्थांश आपणहून खायला लागलं की सिरिंज बंद करा आणि रिकव्हरीत नेहमीचं खाणं पाव-पाव मिसळत चार दिवसांत डबा सोडवा. हे सगळं आठ-दहा दिवसांत आटोपतंही, त्यामुळे स्वस्त पडतो म्हणून बाराचा बॉक्स घेऊ नका. दोन डबे घ्या, आणि न उघडलेला डबा परत घेणार का, हे बिल करण्याआधीच विचारा.