विहिरीच्या पाण्याला कोणता मीडिया: मँगनीज, अॅल्युमिना, झिओलाइट की आपला चिरा?

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात अनेक विहिरींचं पाणी घागरीत घेताना नितळ दिसतं आणि थोड्या वेळाने तांबूस होतं. हे विरघळलेलं लोह. हवा लागली की गंजाच्या रूपात बाहेर पडतं. न्हाणीच्या लादीवर काळपट डागही पडत असतील तर सोबत मँगनीज असण्याचा संभव मोठा. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लोह लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि मँगनीज ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर मँगनीज ०.३ पर्यंत. उकळणं हा यावरचा उपाय नाही.

अशा पाण्याला मँगनीज डायऑक्साइडचा मीडिया, म्हणजे फिल्टरच्या टाकीत भरायचे दाणे, लावावा, असं माझं मत. दाण्यांवरचं ऑक्साइड विरघळलेलं लोह-मँगनीज धरतं, त्याचं घन रूप करतं, आणि बॅकवॉशला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुतल्यावर, गाळ निघून जातो. अडचण एकच, पण मोठी: जांभ्या दगडातलं पाणी बहुधा आम्लधर्मी असतं आणि या मीडियाला पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली म्हणजे आम्लधर्मी) ७ च्या वर लागतो, मँगनीजसाठी तर आणखी थोडा जास्त. म्हणून आधी कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा थर हवा. विकणारा पीएच न विचारताच टाकी बसवायला निघाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. लोह फार असेल तर पाणी उंचावरून टाकीत पाडून, निवळू देऊन मग फिल्टरला सोडा; नाहीतर मीडिया लवकर तुंबतो.

अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचं, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या सच्छिद्र दाण्यांचं, काम वेगळं: फ्लोराइड आणि आर्सेनिक. त्याला उलट किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं, फ्लोराइडसाठी ५.५ ते ६ पीएच उत्तम. पण तो भरला की गुपचूप भरतो. मँगनीजचा मीडिया थकला तर बादली तांबडी होऊन सांगते. अॅल्युमिना थकला तर रंग-चव काही बदलत नाही, फक्त प्रयोगशाळेला कळतं. रिपोर्टात हे दोन्ही घटक नसतील तर त्यावर पैसे घालू नका. असतील तर फक्त स्वयंपाकघरातल्या नळाला लावा आणि वापरलेला मीडिया कुळागरात माडाच्या मुळाशी ओतू नका.

झिओलाइट या खनिजाचं नाव भारी, आणि पुण्या-नाशिकच्या बेसाल्टातले त्याचे स्फटिक शोकेसमध्ये शोभतातही. तो धनभारित आयन धरतो: शिसं, अमोनियम. फ्लोराइड ऋणभारित, तेव्हा साधा झिओलाइट त्याला हात लावत नाही; आर्सेनिकचीही तीच कथा.

राहिला चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, म्हणून तो आर्सेनिक धरतो. आयआयटी खरगपूरने प्रक्रिया केलेल्या जांभ्याचे फिल्टर पश्चिम बंगालसाठी केले. इथे ‘प्रक्रिया केलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. कुंपणाचा उरलेला चिरा कुटून पिंपात भरणाऱ्याला आधी आठवडाभर लाल पाणीच मिळेल, आणि आपली तक्रार तर मुळात लाल पाण्याचीच.

तपासणी मे महिन्यात, विहीर तळाला गेलेली असताना करून घ्या, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा. नमुन्यासोबत पीएच, लोह, मँगनीज, फ्लोराइड आणि आर्सेनिक असे पाचही आकडे मागा. पीएच मात्र विहिरीवरच मोजा, बाटलीत तो बदलतो.