एकाच केंद्रात दारूचा रुग्ण आणि पावडरचा रुग्ण: इंदूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचे परीक्षण

इंदूरमधील ज्या खासगी व्यसनमुक्ती केंद्राविषयी मी हे लिहीत आहे, त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आमच्या नात्यातील दोघे तिथे दाखल होते आणि त्यांपैकी एकाचे प्रकरण अजून न्यायालयात आहे. माझे साडू दारूसाठी गेले होते आणि भाचा ब्राउन शुगरसाठी, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनसाठी, जिला इथे सगळे पावडर म्हणतात. वॉर्ड एकच, डॉक्टर तेच, जेवणही तेच होते. तरीही दोघांना मिळालेली सेवा सारखी नव्हती, आणि या फरकाचे मूळ केंद्राच्या कारभारापेक्षा कायद्यात अधिक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

वैद्यकीय उपचारांबद्दल मात्र मी मनापासून समाधानी आहे. साडूंना आत नेल्याबरोबर नर्सबाईंनी नाव-पत्त्याच्याही आधी विचारले, "शेवटची कधी घेतली?" ती वेळ त्यांनी चिकटपट्टीवर लिहून पलंगाच्या डोक्याशी लावली, कारण दारू अचानक बंद झाली की फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो आणि भ्रम होण्याचा धोका साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. सलाइन लावण्याआधी थायमिनचे (जीवनसत्त्व ब-१ चे) इंजेक्शन दिले गेले आणि रात्रीसुद्धा ठरावीक अंतराने त्यांना दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगून बोटांची थरथर पाहिली जात होती. भाच्याचे हाल वरवर पाहता जास्त होते. नाक-डोळे वाहत होते, अंग मोडून येत होते, पाय एका जागी ठरत नव्हते. त्याला जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे हेरॉइन सुटतानाचा त्रास कमी करणाऱ्या औषधाची, गोळी सुरू केली. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले की या मुलाचा त्रास डोळ्यांना जास्त दिसत असला तरी जिवाची काळजी त्यांना साडूंची अधिक वाटते. हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण आपला कायदा नेमके याच्या उलट मोजमाप करतो.

भाच्याजवळ पुडी सापडली तेव्हा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा लागला. त्यात हेरॉइनची ५ ग्रॅमपर्यंतची मात्रा 'अल्प' आणि २५० ग्रॅमहून जास्त मात्रा 'व्यापारी' समजली जाते. निव्वळ सेवनासाठी कलम २७ खाली हेरॉइनच्या बाबतीत एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि गांजाच्या बाबतीत सहा महिने किंवा १०,००० रुपये. त्याच रोपाची नुसती पाने, म्हणजे भांग, या कायद्याच्या व्याख्येतच येत नाहीत. पण याच कठोर कायद्यात उपचारांचे एक दारही ठेवलेले आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर कलम ६४अ नुसार त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. कलम ३९ नुसार दोषी ठरल्यानंतरही न्यायालय त्याच्या संमतीने त्याला उपचारांसाठी सोडून अहवाल मागवू शकते.

केंद्राविषयीची माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ही सवलत मिळण्यासाठी संस्था शासनमान्य असावी लागते, आणि हे केंद्र मान्यताप्राप्त असूनही स्वागतकक्षात कोणाला त्याची धड माहिती नव्हती. कलम ६४अ बद्दल आम्हाला वकिलांनी सांगितले. मान्यतेच्या आदेशाची प्रत मिळवण्यासाठी पुनःपुन्हा चकरा माराव्या लागल्या. भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, त्या दिवसांत एकच धास्ती होती: "दादा, इथे नाव लिहिले तर पोलिसांकडे तर जाणार नाही ना?" ही भीती अनेक घरांत असते आणि तिच्यापायी मुलाला उपचारांना आणायला उशीर होतो. तिला उत्तर देणारा माणूस अशा केंद्राच्या दाराशीच हवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची अमली पदार्थांच्या पीडितांसाठी २०१५ पासून स्वतंत्र योजना आहे. तिचा साधा फलक लावायलाही फार खर्च येणार नाही.

साडूंची कथा कायद्याच्या दृष्टीने अगदी छोटी आहे. रात्री गाडी चालवताना पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारायला लावली, १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेली निघाली, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली दंड भरला आणि ते घरी आले. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, म्हणजे शिक्षा क्षुल्लक नाही. पण रोज किती पिता, हे त्यांना तिथे कोणीही विचारले नाही. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ प्रमाणे २४ तासांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा एवढीच तरतूद आहे. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या दंडविधानात तो दंड दहा रुपये होता. उपचारांचा उल्लेख तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून अहाते (दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा) बंद झाले, तरी कलाली, म्हणजे दारूचे दुकान, चालू आहे आणि पिणारा घरी बसून पितो; तो गाडी चालवेपर्यंत किंवा रस्त्यावर गोंधळ घालेपर्यंत कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. कायद्याने त्याला गुन्हेगार ठरवावे असे मी मुळीच म्हणत नाही, परंतु दंडाच्या पावतीसोबत समुपदेशकाची चिठ्ठी दिली असती, तर आमच्या साडूंचे यकृत इतके बिघडण्याआधीच ते इथे पोहोचले असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अवैध अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळाले होते, तर दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. स्वच्छता चांगली आहे. कोणालाही बांधून ठेवलेले दिसले नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडांना मनाई केलेली असल्यामुळे प्रत्येक कुटुंबाने हे स्वतः पाहून घ्यावे. दाखल करताना सांगितलेल्या रकमेत औषधे धरलेली नव्हती, हे शेवटच्या बिलावर कळले; ते योग्य नव्हे.

घरी सोडल्यानंतरची सेवा हा मला सर्वांत गंभीर मुद्दा वाटतो. भाच्याच्या हजेरीची वेगळी वही आहे, तो तपासणीला आला नाही की केंद्रातून फोन येतो, कारण न्यायालयाला अहवाल द्यायचा असतो. साडूंना आजवर एकही फोन आलेला नाही. त्यांच्याबद्दल कोणी अहवाल मागत नाही, म्हणून त्यांची वहीही नाही. ती ठेवायला कोणत्याही कलमाची गरज नाही. मी व्यवस्थापकांना तसा लेखी अर्ज दिला आहे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत आहे.