तीन ध्रुवीय छायाचित्रे आणि एक भिंत

दिवाणखान्यातल्या लांब भिंतीसाठी ध्रुवीय मोहिमांच्या जुन्या छायाचित्रांच्या तीन मोठ्या प्रती मी ऑनलाइन मागवल्या, त्याला आता चार महिने होऊन गेले. तिन्ही एकाच विक्रेत्याकडून आणि एकाच वेळी घेतल्या. त्यांपैकी पहिली उत्तम निघाली, दुसरी परत पाठवून पुन्हा छापून घ्यावी लागली आणि तिसरी मी भिंतीवर लावलेलीच नाही. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते अशी प्रत कोठूनही घेताना उपयोगी पडावे असे आहे.

पहिली प्रत हर्बर्ट पाँटिंगने टिपलेल्या हिमगुहेची आहे. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाकडच्या टेरा नोव्हा मोहिमेचा हा छायाचित्रकार 5 जानेवारी 1911 रोजी एका हिमनगाच्या पोटातल्या गुहेत शिरला आणि आत उभे राहून त्याने गुहेच्या तोंडातून बाहेरचे दृश्य टिपले: चहूबाजूंनी बर्फाची वेडीवाकडी कड, त्या कडेशी ग्रिफिथ टेलर आणि चार्ल्स राइट ही मोहिमेतली दोन माणसे, आणि त्यांच्यापलीकडे दूरवर, खेळण्याएवढे दिसणारे त्यांचे जहाज. हे छायाचित्र उभे आहे आणि ते उभेच छापले गेले पाहिजे. विक्रेत्याच्या यादीत त्याचीच एक आडवी आवृत्तीही होती, बहुधा सोफ्याच्या वरच्या जागेत नीट बसावी म्हणून केलेली. तिच्यात वरचे छत आणि खालची जमीन दोन्ही कापली गेल्यामुळे आपण कशाच्या तरी आतून बाहेर पाहत आहोत ही जाणीवच नाहीशी होते आणि गुहेची गुहा उरत नाही. जो विक्रेता एकच छायाचित्र कोणत्याही आकारात देऊ करतो, त्याच्याकडे मागणी नोंदवण्यापूर्वी मूळ चौकट कोणती हे पाहून घ्यावे.

ही प्रत कापसाच्या लगद्याच्या, चकाकी नसलेल्या जाड कागदावर रंगद्रव्याच्या शाईने छापलेली आहे. बर्फाच्या छायाचित्राची सगळी परीक्षा पांढऱ्यात होते. काळा रंग कोणताही बरा छापखाना उमटवतो. पण उन्हातला बर्फ, सावलीतला बर्फ, ताजा भुसभुशीत बर्फ आणि काचेसारखा कडक झालेला बर्फ हे चार वेगवेगळे पांढरे वेगळे ठेवणे अवघड असते, आणि ते एकमेकांत मिसळले की भिंतीवर नुसता कोरा कागद टांगल्यासारखे दिसते. मी एक साधा प्रयोग केला. त्याच कागदाच्या न छापलेल्या कडेची एक पट्टी कापून ती छायाचित्रातल्या बर्फावर ठिकठिकाणी ठेवून पाहिली. संपूर्ण चित्रात, गुहेच्या उजव्या ओठावर जेथे ऊन थेट पडले आहे तेवढ्या दोन बोटभर जागांखेरीज कोठेही पट्टी आणि बर्फ यांचा रंग एक झाला नाही. बाकी सर्वत्र बर्फावर शाईचा पातळसा का होईना, पण थर होता. आतल्या भिंतीवरचे बर्फाचे पदर दोन पावलांवरूनही मोजता येतात.

रंगछटेबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. विक्रेत्याने राखाडी, निळसर आणि सेपिया असे तीन पर्याय दिले होते. जुने म्हटले की तपकिरी, हा समज इतका घट्ट बसला आहे की सेपियालाच ‘मूळ स्वरूप’ असे नाव दिलेले होते. पाँटिंगने स्वतः आपल्या प्रती कार्बन पद्धतीने काढल्या आणि त्यांतल्या काहींना निळी वा हिरवी छटा दिली होती, कारण हिमनगाच्या आतला प्रकाश त्याने डोळ्यांनी तसाच पाहिला होता. तपकिरी बर्फ मला तरी चहा सांडल्यासारखा वाटतो. मी राखाडी घेतली. निळसर घेतली असती तरी पश्चात्ताप झाला नसता.

दुसरी प्रत फ्रँक हर्लीने रात्री टिपलेल्या एन्ड्युरन्स जहाजाची, आणि खरे तर तिच्यासाठीच मी हा सगळा खटाटोप केला होता. ध्रुवीय मोहिमांचा नेता शॅकल्टन याचे हे जहाज जानेवारी 1915 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकले. 27 ऑगस्टच्या रात्री हर्लीने जहाजाभोवतीच्या बर्फाच्या उंचवट्यांआड सुमारे 20 ठिकाणी फ्लॅशची भुकटी उडवून जहाज उजळले. त्या लखलखाटाने त्याचे डोळे इतके दिपले की तो त्याच उंचवट्यांत ठेचकाळत, दिशा चुकत फिरत राहिला. काळ्याभोर आकाशापुढे हिमकणांनी मढलेल्या डोलकाठ्या आणि दोरखंड पांढरेशुभ्र उभे राहिलेले दिसतात ते यामुळे. ऑक्टोबरअखेर जहाज सोडावे लागले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हर्लीने त्या चिरडलेल्या, पाण्याने भरलेल्या सांगाड्यात उतरून, बर्फाळ लगद्यात हात घालून, झाळून बंद केलेल्या डब्यांतल्या काचेच्या प्लेटा, म्हणजे छायाचित्रांच्या निगेटिव्ह, बाहेर काढल्या. मग तो आणि शॅकल्टन बर्फावर बसून एकेक प्लेट निवडू लागले. सुमारे 120 ठेवल्या आणि उरलेल्या सुमारे 400 तेथल्या तेथे फोडून टाकल्या, म्हणजे मागाहून ओझे वाढवण्याचा मोह व्हायला नको. ज्या उरल्या त्या होड्यांतून अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटापर्यंत गेल्या आणि अखेर माणसांबरोबरच सुखरूप परतल्या.

इतके सोसून आलेल्या प्लेटेची प्रत माझ्या हाती आली तेव्हा लांबून ती झकास दिसत होती. जवळ गेल्यावर आकाश किंचित दाणेदार वाटले. तो दाणा जुन्या प्लेटेचा असेल असे समजून मी दोन दिवस गप्प बसलो, पण मन मानेना. शेवटी भिंग घेऊन पाहिले तर आकाशात, जहाजाच्या बाजूवर, अगदी दोरखंडांच्या कडांवरही, एकसारख्या अंतराने ओळीत मांडलेले ठिपके होते. छायाचित्राचा स्वतःचा दाणा कधीच ओळीत बसत नाही. तो रव्यासारखा विखुरलेला असतो. ओळीतले ठिपके म्हणजे छापील पुस्तकाची जाळी. कोणीतरी एखाद्या जुन्या पुस्तकाचे पान स्कॅन करून तेच मोठे केले होते. दोरखंड जेथे एकेका धाग्याने वेगळे दिसायला हवेत तेथे ते तुटक शिवणीसारखे दिसत होते.

मी भिंगातून दिसणाऱ्या ठिपक्यांचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवला. पहिले उत्तर ‘ऐतिहासिक छायाचित्रांत असा पोत अपेक्षित असतो’ असे आले, जे वाचून माझा पारा चढला. दुसऱ्या पत्रानंतर मात्र त्यांनी चूक मान्य केली आणि संग्रहातल्या मूळ स्कॅनवरून नवी प्रत पाठवण्याचे कबूल केले. हर्लीच्या या मोहिमेतल्या छायाचित्रांचे मोठे संग्रह सिडनीतल्या न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात आणि लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत आहेत. त्यामुळे चांगला स्कॅन मिळत नाही ही सबब चालणारी नाही. मागणी नोंदवतानाच ‘तुमची फाइल कोठून आली’ एवढे विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जाऊ नये. नवी प्रत तीन आठवड्यांनी आली. तिच्यातले दोरखंड मोजत बसावेसे वाटतात.

या प्रतीच्या काचेबद्दल मात्र माझीच चूक झाली. थोडे पैसे वाचवण्यासाठी मी साधी काच निवडली. पाँटिंगच्या उजळ चित्रावर ती खटकत नाही, पण हर्लीचे आकाश इतके काळे आहे की साध्या काचेआड त्याचा आरसा होतो. संध्याकाळी दिवे लावले की वेडेल समुद्रावर आमची ट्यूबलाइट उगवते आणि जहाजाच्या शिडाच्या जागी सोफ्यावर बसलेला माणूस दिसतो. काळोखाचे चित्र घेणाऱ्याने परावर्तन रोखणारी काचच घ्यावी किंवा चित्र खिडकीच्या आणि दिव्याच्या समोर येणार नाही अशा भिंतीवर टांगावे. फ्रेमची पट्टी, मागचा पुठ्ठा आणि टांगायच्या कड्या यांबद्दल तक्रार नाही.

तिसरी प्रत पाहून मात्र वाईट वाटले. 1897 साली सॉलोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तिघे स्वीडिश गृहस्थ बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि 14 जुलैला त्यांचे बलून बर्फावर उतरले. स्ट्रिंडबर्गने टिपलेल्या छायाचित्रात बलून आडवे पडले आहे आणि त्याचे दोन साथीदार त्याच्याकडे नुसते पाहत उभे आहेत. तिघेही परतले नाहीत. त्यांचा शेवटचा तळ 1930 साली आर्क्टिकमधल्या क्वितोया बेटावर सापडला आणि 33 वर्षे बर्फात राहिलेल्या फिल्मवरून यॉन हर्ट्झबर्ग यांनी त्यातली अनेक चित्रे वाचवली. त्या चित्रांवर डाग, ओरखडे, पाणी लागून पसरलेले वण आहेत, आणि बलूनकडे पाहणारी ती दोन माणसे त्या डागांतून जेमतेम वर आलेली दिसतात. विक्रेत्याने हे सगळे संगणकावर ‘स्वच्छ’ करून दिले. आकाश गुळगुळीत झाले, बर्फाला प्लॅस्टिकची कळा आली, माणसांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या धारदार झाल्या. शिवाय ही प्रत कॅनव्हासवर होती; कापडाच्या विणीने उरलासुरला तपशीलही गिळला. कॅनव्हासचा माल परत घेत नाही, अशी अट बारीक अक्षरांत होतीच. ती प्रत सध्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

आकाराबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ‘जेवढे मोठे तेवढे भारी’ या हिशेबाने या चित्रांची वाट लागते. पाँटिंगच्या आणि हर्लीच्या जहाजावरच्या काळातल्या काचेच्या प्लेटा हातभर मोठ्या करूनही तपशील राखतात. पण जहाज गेल्यावर हर्लीजवळ खिशात मावणारा एक छोटा कोडॅक कॅमेरा आणि फिल्मची तीन रिळे एवढेच उरले होते. एलिफंट बेटावरची चित्रे त्याच कॅमेऱ्याने काढलेली आहेत, आणि त्याचे निगेटिव्ह साधारण 4 गुणिले 6.5 सेंटिमीटरचे असते. 18 जानेवारी 1912 रोजी दक्षिण ध्रुवावर स्कॉटचा साथीदार बाउअर्स याने दोरी ओढून टिपलेले स्कॉट आणि त्याच्या चार साथीदारांचे छायाचित्रही असेच आहे. ही चित्रे वहीच्या पानाएवढी छापून रुंद माउंटमध्ये बसवली तर माणूस जवळ जाऊन पाहतो. भिंतभर केली तर चेहरे विरघळून जातात. यादीत ती सर्वांत मोठ्या आकारातच उपलब्ध होती.

त्याच यादीत ‘एलिफंट बेटावरून सुटका’ या नावाने हर्लीचे एक प्रसिद्ध चित्र विकले जात होते. किनाऱ्यावरची माणसे होडीकडे पाहून हात हलवत आहेत, असे ते दृश्य आहे. मूळ चित्र सुटकेचे नसून 24 एप्रिल 1916 रोजी शॅकल्टन मदत आणायला जेम्स केअर्ड होडीतून निघाला, त्या निरोपाचे आहे. सुटका 30 ऑगस्टला झाली. ही सरमिसळ हर्लीने स्वतः केली होती, त्याला अशी जोडकामे आवडत, तेव्हा सगळा दोष विक्रेत्यावर टाकता येणार नाही. पण विकत घेणाऱ्याला एका ओळीत तसे सांगायला काहीच हरकत नव्हती.

माझ्या हर्लीच्या प्रतीमागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरही ‘शॅकल्टनचे जहाज, 1914’ असे छापलेले होते. नव्या प्रतीबरोबर तरी ते दुरुस्त करा असे मी कळवले होते, पण चिठ्ठी तीच आली. ती मी काढून टाकली आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले: ‘एन्ड्युरन्स, वेडेल समुद्र, 27 ऑगस्ट 1915 ची रात्र. फ्रँक हर्ली.’